श्री. पोटदुखे यांची तब्येत

७ जानेवारी

चि. खटपटी हिस,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. टपालवाल्याने ते दारात असं आदळलं, की आत जिवंत काही असतं तर जागच्या जागी गेलं असतं. पण तू चिंध्या कोंबून बांधलं होतंस म्हणून निभावलं. कॉम्प्युटर तुझ्या मामीच्या शिवणयंत्राच्या टेबलावर मांडला आहे. ती गेल्यापासून त्या टेबलाला काही कामच नव्हतं. पडदा जड आहे, टेबल कुरकुरतं, पण तोलून धरतं.

फोन का करत नाहीस म्हणतेस, तर फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी विसरतो. पत्र बरं. परत वाचता येतं.

खेळ लगेच लागला. तोच हिरवट पडदा, तीच खाट, तोच पिवळ्या तोंडाचा माणूस. त्याचं नाव तू एवढीशी असताना ठेवलं होतंस, श्री. पोटदुखे. पोट दाबलं की अजून 'पीं' करतो. तू माझ्या मांडीवर बसून त्याला दाब-दाब दाबायचीस आणि मी म्हणायचो, हळू गं, पेशंट आहे, पिठाचा गोळा नाही.

काल दवाखान्यातून आल्यावर त्याचं अपेंडिक्स काढलं. खऱ्या माणसांची काढता काढता माझे केस गेले, तर हा चित्रातला माणूस म्हणजे काय! कापलं, रक्त टिपलं, चिमटे लावले, काढलं, शिवलं. मग पडद्यावर कॅलेंडरची पानं उलटली. तिसऱ्या पानावर तापमापकाचा पारा चढत गेला, आणि पुढच्या चित्रात रिकामी खाट, वर घडी घातलेली चादर. श्री. पोटदुखे दगावले. नातेवाइकांनी अजून दगडफेक केलेली नाही.

ताईला सांग, पित्ताशयातले खडे कुठे पळून जात नाहीत. तळलेलं बंद कर म्हणावं. ऑपरेशनची तारीख मी कळवतो. घाई नाही.

तुझा,
मामा

ता. क. एकसारख्या दोन फ्लॉप्या पाठवल्यास ते बरं केलंस. एक सध्या मामीच्या बॉबिनच्या खणात ठेवली आहे.


१५ जानेवारी

ती. मामास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. पोटदुखे गेल्याचं ऐकून ती म्हणाली, "माझा भाऊ आणि पेशंट मारतो? तो खेळच खोटा असेल." झालं! तुझ्या बाजूने निकाल लागला.

तो खेळ मिळवताना मला किती खटपट करावी लागली ते तुला माहीत नाही. एका जुन्या मालाच्या गोदामात, खराब झालेल्या छपाईयंत्राखाली सापडला. फ्लॉपीला बुरशी आली होती. स्पिरिटने पुसली, तीन ड्राइव्ह बदलले, तेव्हा कुठे वाचली गेली. माझ्या वर्कशॉपमध्ये सध्या एका गिरणीचा कॉम्प्युटर उघडून पडलाय, त्याच वयाचा. मालक रोज येऊन त्याच्याकडे बघतो, अगदी आयसीयूच्या काचेतून बघावं तसा. ते काम बाजूला ठेवून मी तुझ्या पोटदुख्यांच्या मागे लागले होते. आणि एवढं करून तू त्याला मारून टाकलंस.

पण मामा, तुला हे अचानक सुचलं कुठून? दिवसभर खरी पोटं उघडतोस, घरी येऊन पुन्हा तेच? हलवाई कधी घरी येऊन मिठाई खातो का?

आता कामाचं. आईला परवा पुन्हा कळ आली. ओट्याची कड धरून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, म्हणजे मला तोंड दिसू नये. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून करतात, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मी नुसतं नाव काढलं तर म्हणाली, "घरचा सर्जन असताना परक्यापुढे पोट उघडं टाकू? त्याचा हात मला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या तळव्यातली काच त्यानेच काढली, मला कळलंसुद्धा नाही." तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास म्हणे. तुझी प्रॅक्टिस तेव्हापासूनची.

तारीख दे ना रे. ती बोलून दाखवत नाही, पण वाट बघतेय.

तुझी,
खटपटी


२८ जानेवारी

चि. खटपटी हिस,
आशीर्वाद.

श्री. पोटदुखे पुन्हा दगावले. रोज दुपारी दगावतात. मी एकही पायरी सोडत नाही. भूल देतो, कापतो, रक्त टिपतो, चिमटे लावतो, अपेंडिक्स काढतो, धुतो, शिवतो. टाके बघशील तर तुझ्या मामीलाही दोष काढता आला नसता. आणि तरी तिसऱ्या दिवशी ताप, रिकामी खाट, घडीची चादर. का मेला ते खेळ सांगत नाही. एवढंच लिहून येतं, रुग्ण दगावला, पुन्हा प्रयत्न करा. असं कोणी खऱ्या दवाखान्यात म्हणालं तर!

तुला आठवतं का, तू एवढीशी असताना त्याचं पोट दाब-दाब दाबायचीस, आणि मी म्हणायचो, हळू गं, पेशंट आहे, पिठाचा गोळा नाही. नातेवाइकांनी अजून दगडफेक केलेली नाही.

आता एक विचारतो, ते मस्करी न करता सांग. खेळ बिघडलाय का? जुनी फ्लॉपी आहे, बुरशी आली होती म्हणतेस, आतलं काही पुसलं गेलं असेल. तू स्वतः खेळून बघ. खेळाचं पोट फाडून आत बघ, ते तुझं काम आहे. आणि जे असेल ते मला सरळ लिही. हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

तुझं उत्तर येईपर्यंत ताईची तारीख देत नाही. का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट समज.

मामा


६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. नमस्कार.

तू जिंकलास. खेळच बिघडला होता.

आतलं सगळं उघडून बघितलं. एका ठिकाणी बारीकसा दोष होता, सांगितला तरी तुला कळायचा नाही. तुझ्या हातात काही खोट नाही. दुरुस्त करून नवी फ्लॉपी सोबत पाठवतेय, हिरव्या लेबलची. पांढऱ्या लेबलच्या दोन्ही कचऱ्यात टाकून दे, उगाच गोंधळ नको.

आता रुसवा सोड आणि तारीख दे. आईचं जेवण निम्म्यावर आलंय. काही खाल्लं की दुखेल म्हणून खातच नाही. काल मी बाहेरून आले तर पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, आणि मला बघून म्हणाली, "काही नाही, जरा पाठ टेकली." मला तिचं ते 'काही नाही' आता ऐकवत नाही मामा. एका चित्रातल्या माणसापायी तिला किती दिवस ताटकळत ठेवणार आहेस?

रागावले नाहीये. थोडीशी रागावलेय.

तुझी,
खटपटी


२० फेब्रुवारी

चि. खटपटी हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

श्री. पोटदुखे घरी गेले!

तिसऱ्या पानावर पारा जागचा हलला नाही. मग ते चित्र आलं, जे मी विसरूनच गेलो होतो. दवाखान्याचं फाटक, पोटदुखे बॅग घेऊन उभे आहेत आणि हात हलवतायत. मी खुर्चीतून उठून त्यांना हात केला. कामाला येणाऱ्या बाई दारातून बघत होत्या. त्यांनी माझ्याविषयी जे काही मत करून घ्यायचं ते घेतलं असणार.

त्या दिवसापासून रोज खेळतो. रोज घरी जातात. एकदाही चुकलो नाही. पोरी, तुला काय सांगू किती हलकं वाटतंय. गेले काही महिने मी माझ्याच हातांकडे चोरून बघत होतो. कुणाला बोललो नाही. आता बोलायचं कारणही उरलं नाही.

ताईला घेऊन १० मार्चला ये, ११ ला सकाळी करू. पहिलीच केस तिची ठेवतो. आमच्या थिएटरच्या सिस्टर आहेतच, माझ्याबरोबर म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांना ताई येतेय म्हणून माझ्यापेक्षा जास्त काळजी. ताईला म्हणावं, काच काढली होती त्यापेक्षा कमी दुखेल.

तुझा,
मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. नमस्कार.

आईची बॅग भरून तयार आहे. दोन गाऊन, शाल, रोजच्या गोळ्या, आणि तुझ्यासाठी लोणच्याची बरणी, तीही कपड्यांच्या मध्ये. फुटली तर गाऊन पिवळे. ऐकत नाही. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, माझा भाऊ करणार आहे म्हणून. इतकं की भाजीवाल्यानेही तुला नमस्कार सांगितलाय.

पुढचं ती सांगतेय आणि मी लिहितेय: "टाके बारीक घाल. गाठ आतून मार, टोचते. आणि भूल देण्याआधी तू समोर उभा राहा, मला तुझं तोंड बघून झोपायचंय. तोंडावरचं ते फडकं खाली करून."

मी म्हटलं, फडकं खाली करता येत नाही थिएटरमध्ये. तर म्हणते, "माझ्यासाठी करेल."

दहा तारखेला येतो.

खटपटी


२ एप्रिल

ती. मामास,

आईला पोचवलं तेव्हा तू सगळ्यांच्या मागे उभा होतास. नंतर शोधलं तर नव्हतास. त्यानंतर तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितेय.

तुला कुणी नीट सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळावं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ताप चढला. मी तापमापक हातात धरून उभी होते. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, पुन्हा पोट उघडलं. आत रक्त टिपायच्या गॉजचा तुकडा निघाला. त्यांनी मला दाखवला, स्टीलच्या भांड्यात. तोवर सगळीकडे पसरलं होतं. शेवटचे काही दिवस ती बोलत नव्हती. शुद्धीवर असताना एकदाच म्हणाली, "त्याला सांगू नका."

मामा, यात तुझा दोष नाही. गॉज मोजायचं काम सिस्टरांचं. एक आत राहिला म्हणजे त्यांची मोजणी चुकली. वय झालंय त्यांचं, दिसत नसेल, लक्ष नसेल. मी त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहायला घेतली आहे. त्यांना घरी बसवायला हवं, म्हणजे दुसऱ्या कुणाची आई अशी जाणार नाही.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. जेवत जा.

खटपटी


१८ एप्रिल

चि. खटपटी हिस,

सिस्टरांच्या नावाने एक अक्षर लिहू नकोस. लिहिलं असशील तर फाड. आधी हे वाच.

टाके घालण्याआधी त्यांनी मोजलं. म्हणाल्या, "सर, एक कमी आहे." मी म्हणालो, सगळे आहेत, मी मोजलेत. त्या म्हणाल्या, एक एक्स-रे काढून बघू या, मशीन बाहेरच आहे. मी म्हणालो, "बहीण माझी आहे, तुमची नाही." पंचवीसेक वर्षांत मी त्यांच्याशी असा बोललो नव्हतो. मी शिवलं. गाठ आतून मारली.

मी मोजलं होतं, हे मला स्वच्छ आठवत होतं. आत्ता लिहितानाही आठवतंय, बोटं ट्रेवरून फिरतायत, एक, दोन, तीन. पण तिथे उभं असलेलं एकही माणूस ते पाहिल्याचं सांगत नाही. मी मोजलंच नव्हतं.

आता तुला ते सांगतो, जे जानेवारीत सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की थिएटरमध्ये सिस्टर मोजतात आणि मी फक्त मान डोलावतो. त्या म्हणतात, सर, आता अमुक, आणि मी अमुक करतो. पूर्वीही त्या म्हणायच्याच, तीच पद्धत आहे, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं. पण माझ्या बाजूचं पडताळणं अजून होतंय की नुसता त्यांचा आवाज मला चालवतोय, हे मला कळेना. कुणा डॉक्टरला विचारलं असतं तर गावभर झालं असतं. मला ती हिंमत नव्हती, अभिमान होता.

मग तुझा तो खेळ आठवला. त्या खेळात सिस्टर नाही. कोणी आठवण करून देत नाही, कोणी थांबवत नाही. म्हणून मागवला. मनाशी ठरवलं, तिथे एकट्याला जमलं तर ताईला हात लावायचा, नाही तर सुरी कायमची खाली ठेवायची. महिनाभर माणूस मेला. सुरी ठेवायच्याच बेतात होतो. फक्त एक खात्री हवी होती, की खेळच तर बिघडलेला नाही ना. ती खात्री मी तुझ्याकडे मागितली.

ताई गेल्यावर मी सिस्टरांना घरी बोलावलं. का आल्या, देव जाणे. त्यांना शेजारी बसवून पांढऱ्या लेबलची फ्लॉपी लावली. हो, टाकली नव्हती, बॉबिनच्या खणात होती. टाके घालायला गेलो आणि त्या म्हणाल्या, "सर, ट्रे." पडद्याच्या कडेला एक ट्रे आहे. त्यावर हात नेला की आत किती गॉज राहिले ते दिसतं. एक आत होता. तो काढला, शिवलं. पोटदुखे घरी गेले. खेळ बिघडलेला नव्हता. मग एकट्याने खेळलो, त्या बाहेर चहा करत होत्या तेवढ्यात. ट्रे विसरलो. दगावला.

मग तुझी हिरव्या लेबलची लावली. मोजलं नाही, तरी तो घरी गेला. मुद्दाम सगळे गॉज आत टाकून शिवलं. घरी गेला. कात्री आत ठेवून शिवलं. घरी गेला. शेवटी शिवलंच नाही, पोट उघडं टाकून उठलो. तिसऱ्या पानावर पारा जागचा हलला नाही. पोटदुखे बॅग घेऊन फाटकाशी उभे, हात हलवतायत. सिस्टर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

तू दोष काढला नाहीस. त्या खेळातलं मरणच काढून टाकलंस. आणि मी अकरा मार्चला ते धैर्य घेऊन आत गेलो. माझा एकही मेला नव्हता ना!

तू हे का केलंस ते मला समजतं. ताई ओटा धरून उभी होती. तुझ्या जागी मीही केलं असतं. पण तुझा वाटा तुझा आणि माझा माझा. माझा मोठा आहे. सुरी माझ्या हातात होती आणि समोरच्या बाईचं मी ऐकलं नाही. तुझा लहान आहे, पण तो मी माफ करून संपणार नाही, आणि तूही सिस्टरांच्या डोक्यावर टाकून तो संपणार नाही.

दवाखाना सोडला. मेंदूचे फोटो काढले. जे व्हायचं ते सुरू झालंय, आता सावकाश पुढे जाईल. एक दिवस मला हे पत्र लिहिल्याचंही आठवणार नाही. म्हणून आत्ताच एक मागतो. यापुढे मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. मी विचारलं तर खरं सांग. परत विचारलं तर परत खरं सांग. मी रडलो, चिडलो, तुला नाही नाही ते बोललो, तरी सांग. एकदा नाही सांगितलंस, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

हिरवी फ्लॉपी मोडून टाकली आहे.

मामा


२६ एप्रिल

ती. मामास,

तक्रार फाडली. सिस्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि आईला झोपवताना तू तोंडावरचं फडकं खाली केलं होतंस, एवढं एकच सांगितलं.

फेब्रुवारीत मी तुझा खेळ खेळले तेव्हा पहिल्याच डावात कळलं होतं, तू लिहिलेल्या पायऱ्यांत मोजणीच नाही, तू ट्रे विसरतोयस. मला वाटलं, त्यात काय, खऱ्या थिएटरमध्ये सिस्टर मोजतातच. वाटलं, मामा खेळावर रुसलाय आणि त्याच्या रुसव्यात आई तडफडतेय. दोन ओळी बदलायच्या होत्या. पारा चढायचाच बंद केला. जेवणाच्या सुट्टीत झालं ते काम. तू मस्करी न करता विचारलं होतंस आणि मी तुला गोड बोलून गप्प केलं.

माझ्या हातून आई गेली, हे वाक्य मी रोज मनात म्हणून बघते. पूर्ण खरं नाही, पण खोटंही नाही.

तू मागितलंस ते देते. विचारशील तेव्हा खरं सांगेन.

खटपटी


१९ सप्टेंबर

चि. खटपटी हिस,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटर छान चाललाय. मामीच्या शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवला आहे. टेबल कुरकुरतं, पण तोलून धरतं. टपालवाल्याने खोकं असं आदळलं होतं, की आत जिवंत काही असतं तर जागच्या जागी गेलं असतं.

पण श्री. पोटदुखे काही जगत नाहीत बुवा. मी एकही पायरी सोडत नाही. कापतो, टिपतो, काढतो, शिवतो, आणि तिसऱ्या दिवशी ताप. रिकामी खाट. तू एवढीशी असताना त्याचं पोट दाब-दाब दाबायचीस, आणि मी म्हणायचो, हळू गं, पेशंट आहे. नातेवाइकांनी अजून दगडफेक केलेली नाही.

आता एक विचारतो, ते मस्करी न करता सांग. खेळ बिघडलाय का? तू उघडून बघ आणि असेल ते सरळ लिही. सिस्टर हल्ली रोज संध्याकाळी येऊन बसतात, फार चांगल्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, पोरीला विचारा. आणि दुसरीकडे बघतात. काहीतरी लपवतायत.

तुझं उत्तर येईपर्यंत ताईच्या ऑपरेशनची तारीख देत नाही. तिला म्हणावं, थोडा दम धर. तिचं पोट मी दुसऱ्या कुणाला उघडू देणार नाही. खूप दुखतंय का गं तिला? तू त्याबद्दल काहीच लिहीत नाहीस.

तुझा,
मामा


२५ सप्टेंबर

ती. मामास,
सा. नमस्कार.

नाही मामा, खेळ बिघडलेला नाही. तू शिवण्याआधी गॉज मोजत नाहीस. पडद्याच्या कडेला ट्रे आहे, तिथे हात न्यायचा, तो तू विसरतोस. प्रत्येक वेळी एक गॉज आत राहतो, आणि म्हणून तो मरतो. तू सुरी खाली ठेवायला हवी. फेब्रुवारीत तू हेच विचारलं होतंस, तेव्हा हे उत्तर लिहायला हवं होतं.

मी तेव्हा खोटं लिहिलं. खेळ बदलून पाठवला, म्हणजे तुझ्या हातून कोणी मरू नये. तू त्यावर विश्वास ठेवलास आणि ११ मार्चला आईचं ऑपरेशन केलंस. एक गॉज आत राहिला. सिस्टरांनी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. मार्च संपण्याआधी आई गेली.

आता तिला दुखत नाही. तिने तुला दोष दिला नाही, तुला कळू नये एवढंच म्हणाली. पण तू मला सांगून ठेवलंयस, मी विचारलं तर खरं सांग, म्हणून लिहिते आहे. तुला हे आज पहिल्यांदाच कळत असेल. सिस्टर शेजारी असतील तेव्हाच हे पत्र उघडून द्यावं, असं पाकिटावर त्यांच्यासाठी लिहिलंय. वाचून झालं की त्यांचा हात धर.

रविवारी मी येते. तुझ्याजवळ बसून पांढऱ्या लेबलची फ्लॉपी लावू. ट्रे मी दाखवीन.

आणि तू पुन्हा हेच विचारशील, तेव्हा मी पुन्हा हेच लिहीन. या पत्राची नक्कल काढून ठेवलेली नाही. तुला ते दर वेळी नवं असणार, तर मीही दर वेळी नव्याने लिहीन.

तुझी,
खटपटी